काचेआडची मार्कलिस्ट

तुम्ही चहा ओता, तोवर मी माझ्या ॲडमिशनचं सांगते.

सोनईत माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान. बारावीला मी गणितात कॉलेजात पहिली आले, तर अब्बांनी मार्कलिस्ट फ्रेम करून मशीनच्या वरच टांगली. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायच्या आधी त्याला माझे मार्क ऐकावे लागायचे.

मग सरकारी विद्यापीठाच्या यादीत माझं नाव लागलं. कागद तपासायचा शेवटचा दिवस होता, आणि मूळ मार्कलिस्ट दाखवायची अट. काढायला गेले तर फ्रेमवाल्यानं ती डिंकानं पुठ्ठ्याला पक्की चिकटवलेली! ओढली असती तर फाटलीच असती.

"अब्बा, आता काय करायचं?"

"करायचं काय? फ्रेम उचल. मार्क तुजेच हायत ना?"

एसटीत फ्रेम मांडीवर घेऊन आम्ही गेलो. खिडकीतल्या बाईंनी आधी फ्रेमकडे बघितलं, मग अब्बांकडे.

"अहो, हे काय आणलंय?"

"मूळ मार्कलिस्ट. तुमीच मागितली."

"झेरॉक्सशी ताडून बघायचीय. काचेतून कसं दिसणार?"

अब्बांनी खिशातला रुमाल काढला, काच लख्ख पुसली आणि म्हणाले, "आता बघा. गनितापासून सुरू करा."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी एकेक आकडा ताडला आणि झेरॉक्सवर शिक्का मारला.

चार वर्षांनी डिग्री हातात आली. अब्बा तडक त्याच फ्रेमवाल्याकडे.

"या टायमाला डिंक न्हाई लावायचा," त्यांनी बजावलं. "मागून कडी बसव. पोरीला अजून फुडं शिकायचंय."