अर्धा बैल, एमिलसारखंच

खिमा! तुम्हाला सांगतो, आमच्या तळघरातला तो फ्रीजर उघडा, वर खिमा, खाली खिमा, मध्ये हात घाला, बोटं गारठतील आणि हाताला लागेल काय? खिमा! अर्धा बैल घेतलाय मी, चांगला धडधाकट अर्धा बैल, आणि त्यात एक स्टेक नाही! म्हणजे तो बैल काय चालताबोलता खिमाच होता का? वर प्रत्येक पाकिटावर शिक्का, ‘ग्लेन’. माझंच नाव. नाकारायचीही सोय नाही...

सगळं झालं आमच्या सासऱ्यापायी. एमिल डोलेझाल. अख्ख्या नेब्रास्कात मांसातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, असं कोण म्हणतं? तोच म्हणतो! “स्टेक कसा पाहिजे? दोन बोटं जाड! आत लाल! चावून खातो तो पुरुष, बाकी सगळे पेज पिणारे!” आणि मी शिकागोचा, म्हणून मला हाक काय, तर ‘शिकागो’. लग्न झाल्यापासून! “ए शिकागो, मीठ दे.” नाव नाही हो घेत माझं. हसा तुम्ही, पण मला फार लागायचं ते. म्हातारा एकदा, एकदाच ‘ग्लेन’ म्हणाला असता ना...

म्हणून ठरवलं, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, सगळं सासर आपल्या अंगणात बोलवायचं आणि स्वतः शेतावरून आणलेल्या बैलाचे स्टेक खाऊ घालायचे. दोन बोटं जाड! गेलो शूल्ट्झच्या शेतावर. भली माणसं हो, बाईनं कॉफी दिली, केक दिला. शूल्ट्झ म्हणाला, “अर्धा ना? ठरलं.” आता इथं आपण गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, “मागचा अर्धा द्या.” अहो, मला काय माहीत, बैल मानेपासून शेपटीपर्यंत उभा चिरतात! शूल्ट्झ सभ्य, नुसता टोपी काढून डोकं खाजवत राहिला. पण रविवारी चर्चच्या पायरीवर एमिल, “ऐकलंत का, शिकागोला ढुंगणाकडचा बैल पाहिजे!” पाद्रीसुद्धा हसला हो!

त्यानंतर आला गस खाटकाचा फोन. “स्टेक किती जाड? एका पाकिटात किती? खांद्याचं काय करू? शेपूट पाहिजे? जीभ?” माझीच जीभ टाळ्याला चिकटली! परत काही विचारायचं आणि परत पायरीवर हसं? छे! रुबाबात म्हटलं, “एमिल डोलेझाल कसं घेतो? तस्संच. एमिलसारखंच!” “सगळं?” “सगळं!” “नक्की ना?” “अरे बाबा, एमिलसारखंच!”

आलं ना एमिलसारखंच! एकेक खोकं उघडतोय, खिमा, खिमा, खिमा... गसला फोन लावला, वाट्टेल ते बोललो. तो थंड. “तूच म्हणालास ना? बायको गेल्यापासून एमिल सगळ्याचा खिमाच करून नेतो. कवळीनं चावत नाही त्याला. हे मी बोललो नाही हं.” घ्या! मग मला एकेक आठवायला लागलं... दरवेळी शेगडीपाशी उभा राहून जगाला उपदेश, आणि ह्याच्या ताटात काय? बटाट्याचं सॅलड! “घरून दाबून आलोय,” म्हणे. आणि ह्याच्या गॅरेजमधल्या फ्रीजरला कुलूप! खिम्याला कुलूप कोण घालतं हो?

चार जुलै उजाडला. मेहुणा केर्मिट ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे. “काय हो दाजी, हे काय? अख्ख्या अर्ध्या बैलाचा खिमा? बैल रस्त्यावर रोलरखाली सापडला होता का?” अंगणभर खिदळणं! आमची बायको लोरेन कपाळाला हात लावून, “ग्लेन, तू सांगितलंस तरी काय त्या गसला?” आता तुम्हीच सांगा, एक शब्द, एकच शब्द बोलायचा होता मी, ‘एमिलसारखंच’, की संपला म्हातारा! वळलो. एमिल माझ्याकडेच बघत होता. त्याला कळलं होतं हो, कुणासारखं सांगितलं होतं ते. ओठ गच्च मिटलेले, हातात तेच सॅलड... आणि माझी ही जीभ, नको तिथं चालणारी, ती काय म्हणाली? “माझंच चुकलं. शहरातला माणूस मी, मला काय कळतंय?”

हसले. पोट धरधरून हसले. एमिल नाही हसला. पुढे आला, ताट पुढे केलं. एक बर्गर खाल्ला, दुसरा, तिसरा... त्याला पोटभर जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं, खोटं कशाला सांगू, भरून आलं मला. जाताना त्यानं माझा खांदा घट्ट धरला, डोळ्यांत पाणी, म्हणाला, “झकास झालं होतं... ग्रेग.”

ग्रेग!

आता काय करता? डोळ्यांत पाणी आणलेल्या माणसाला दुरुस्त करता? तेव्हापासून दर रविवारी हजर. “ग्रेग, अजून एक वाढ.” परवा गसचा फोन आला, “यंदा कसं करू?” बघतो तर मागे टेबलापाशी म्हातारा ताट घेऊन बसलेला. म्हटलं, “एमिलसारखंच.”

“आणि पाकिटांवर नाव? तेच ना, ग्लेन?”

म्हटलं, “नाही रे बाबा. ग्रेगच टाक.”