वाटीभर पास्ता

बोनकोड्यातल्या विपुलच्या पिठाच्या गिरणीवर माझ्यापुढे पुतळाबाई आणि त्यांची शेजारीण सुचिता उभ्या होत्या. पुतळाबाईंच्या हातात दळण नव्हते. एक वाटी होती आणि पास्त्याची पिशवी.

"हा पास्ता गिरनीवर कशाला गो, पुतळाताय?"

"शौनकनं माझा पास्ता थुकून टाकला. म्हनतो, आजी, खारट हाय. आन त्या दुसऱ्या आजीकडं, माझ्या विहिनीकडं, तीन बशा खातो."

"ती कसा करते?"

"मोबाईलवर लिवून दिलं तिनं. दोनशे ग्राम पास्ता, दोन लहान चमचे मीठ. मी तांदलाची वाटी भरून घातला. त्या वाटीत दोनशे ग्राम तांदूल बसतात."

"मंग बरोबर हाय की."

"तेच बघाला आलेय. विपुल, येवढा वाटीभर पास्ता काट्यावर टाक रं."

"काकी, एकशे पाच ग्राम."

"नीट बघ!"

"एकशे पाचच. तांदूल भरीव असतो, ह्याला मधी भोक हाय."

"म्हंजे मीठ दोनशेचं आन पास्ता निम्मा!"

"मंग चूक तुजीच ना गो."

"तिची! दोन वाट्या लिवलं असतं तर तिचं काय गेलं असतं? मुद्दाम ग्राम लिवलं. नातू तिचाच रावावा म्हनून."

"कललं ना आता? चल, घाल दोन वाट्या."

"घालते. पन काट्यावर मोजला ते शौनकला सांगू नको."

"मंग काय सांगू?"

"सांग, आजीनं अंदाजानं घातला. आन विहिनीलाबी तेच सांग."