भुताची टोपली कोणी मारली?

...नाही, नाही, मेलं म्हणू नका, तुम्हाला सांगतो, मारलंय ते. एकतीस वर्षं ज्या झाडाला मी पावसाच्या पाण्याशिवाय थेंब दिला नाही, नळाचं नाही, विहिरीचं नाही, ते दहा दिवसांत असं काळं पडतं? मी बहिणीच्या गावाला काय गेलो, परत येऊन बघतो तर पानांच्या टोकांच्या सतराच्या सतरा टोपल्या माना टाकून लोंबतायत. तिथेच कुंडीशेजारी उकिडवा बसलो आणि ठरवलं... ज्याने हे केलं त्याला सोडायचं नाही. मी विसरणारा माणूस नाही.

आता तुम्ही म्हणाल, वाल्सेंग, बाघमाराच्या डोंगरात ही भुताची टोपली, किडे धरून खाणारं झाड, आपोआप उगवते, आण दुसरी. दुसरी आणून काय करू? आम्हा गारो लोकांत घर बायकोचं, जमीन बायकोची, सुपारीची झाडं बायकोची, पोरंसुद्धा तिच्याच कुळाचं नाव लावतात. नवरा तर उचलूनच आणलेला. मला तिच्या चार भावांनी नदीवरून आंघोळ करताना उचललं, अंग पुसू दिलं नाही. दोनदा पळालो. तिसऱ्यांदा आईनेच परत पाठवलं, हातात हे बोटभर रोप देऊन. म्हणाली, "जा. तिथे एवढं तरी तुझं असू दे." आई गेली. त्या घरात माझं म्हणावं असं हे एकच होतं. रडलो मी, सांगायला लाज कसली?

पण रडून मोकळा होणाऱ्यातला मी नव्हे. संशय कोणावर? बायकोच्या मामांवर. हे जेंगनांगमामा महिनाभर आमच्याकडे ठाण मांडून, आणि तोंडाने सल्ले सुरू. "जावया, झाड आहे की पाहुणा? जरा शेण घाल, राख घाल, बघ कसं फोफावतं." मी शंभरदा सांगितलं, "मामा, याला माती निकसच लागते, म्हणून तर मुंग्या धरून खातं. चांगलंचुंगलं दिलं की मरतं." तर म्हणतात, "मग तुझ्यासारखंच आहे." सगळे हसले. माझी स्वतःची मुलगी हसली. मी विसरणारा माणूस नाही.

कुंडीतली माती चाखली. हो, चाखली... तुमचं कोणी गेलं तर तुम्ही चौकशी नाही करणार? जीभ चरचरली. खार! केळीची सालं जाळून राखेतून गाळलेलं पाणी, जे आम्ही मटणात घालतो. आता राखेचा सल्ला कोणाचा? मामांचा. मग आणखी काय पुरावा हवा?

रविवारी चर्चमधून आलो, बायकोने, म्हणजे चेकमेने, खार घालून डुकराचं मटण केलेलं. वडीलधारे म्हणून मामांची वाटी वेगळी काढलेली. ती कोंबड्या हाकलायला अंगणात गेली आणि मी उरलासुरला सगळा खार त्या वाटीत ओतला. झाडाला पाजलंस ना, घे मग. मामांनी पहिला घास घेतला, डोळे पांढरे झाले, पण भाचीच्या हातचं, भाचीच्या घरात, बोलणार काय? गिळला. "छान झालंय," म्हणाले, डोळ्यांतून धार. मी म्हटलं, "घ्या ना मामा, लाजता काय?" आणि आणखी वाढलं... काय गार वाटलं जिवाला, तुम्हाला सांगतो!

चेकमेने त्यांचा चेहरा बघितला, वाटीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली,

"इतका खार कसा पडला? घरात वाटीभरच तर होता. बाकीचा झाडाला संपला."

"कोणाच्या झाडाला?"

"तुझ्याच. तू गेलास आणि त्याच्या टोपल्यांतून घाण वास यायला लागला. आत मेलेल्या मुंग्या नुसत्या सडलेल्या. म्हटलं, रात्रंदिवस किडे खातंय बिचारं, पोट बिघडलं असणार. तुझं बिघडलं की मी खारच देते ना? मग त्यालाही दिला. सकाळ-संध्याकाळ. मामा म्हणत होते, नको घालूस, जावयाने काही घालायचं नाही म्हणून सांगितलंय. पण मला भीती वाटली. ते मेलं तर तू परत पळून जाशील."

मामांनी नुसती मान डोलावली. त्यांची जीभ बोलण्याच्या अवस्थेतच नव्हती.

आता मला सांगा, बदला घ्यायचा कोणाचा? एकतीस वर्षं ही बाई मनात धास्ती धरून बसली होती, आणि मी तिच्या घरात माझं काय म्हणून एक कुंडी मोजत बसलो होतो. मामांची वाटी पुढ्यात ओढली आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

संध्याकाळी पोट धरून कोपऱ्यात बसलो होतो. चेकमे आली, हातात वाटी. म्हणाली, "ताजी राख गाळलीय. पी, बरं वाटेल."

प्यालो.