आधी कान, मग खोकं

— नाही नाही, साहेब, ते खोकं ठेवा खाली. खोक्यावरचं वाचून हेडफोन घेणं म्हणजे लग्नपत्रिका वाचून नवरा पसंत करणं. 'दणदणीत बास' लिहिलंय ना? सगळ्यांवरच असतं. 'आवाज बेताचाच आहे, सांभाळून घ्या' असं छापलेलं खोकं मी आजवर पाहिलेलं नाही. बाहेरची पाटी वाचलीत का? 'आधी कान, मग खोकं.' मीच रंगवलीये. इथे आधी मी ऐकतो, मग गिऱ्हाईक ऐकतं, मग पाकीट बाहेर निघतं. पाकीट आधी निघालं तर मी हात लावत नाही — म्हणजे लावतो, पण जरा संकोचाने. बसा ना. तुम्ही आत आलात तेच मला कळलं नाही बघा, दारावरची घंटी बिघडलीये — काय? वाजली? छे हो. बरं, वाजली असेल, कधीमधी तिला लहर येते.

तर तुमची अडचण मी पुन्हा सांगतो, चुकलं तर थांबवा. ऑफिसात बसून रॉक आणि मेटल ऐकायचंय, शेजारच्या टेबलाला पत्ता लागता कामा नये, आणि दोन हजारांच्या वर जायचं नाही. बरोबर? त्यात लाजायचं काय? इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र — असलेच लोक हे संगीत ऐकतात. माझ्याकडे एक ग्रंथपाल येतात. दिवसभर लोकांना हळू बोला, हळू बोला म्हणून सांगतात, आणि घरी जाऊन असं काही लावतात की भिंतीवरच्या पाली खाली पडाव्यात. मला म्हणाले, दिवसभराची शांतता कुठेतरी ओकावी लागते. मी म्हटलं, मग बंद पाठीचा घ्या. तुम्हालाही तोच सांगतो. उघड्या पाठीचा घेतलात तर शेजारच्या टेबलाला फुकटात मैफल. आणि वायरवाला घ्या. बिनवायरीचा? या किमतीत? अहो, निम्मे पैसे बॅटरी खाणार, उरलेल्यात आवाजाने काय करायचं, उपास?

आता माझी शाळा ऐका, दोन मिनिटांची आहे. आवाजाला तीन मजले असतात. तळ, पोट आणि माथा. स्वस्तातला हेडफोन करणारे तळ फुगवतात, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय दणका. पण तुमच्या गाण्यात तो खालचा ढोल दोन्ही पायांनी बडवतात की नाही, धडधडधडधड — मी बावीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली, कान तिथे तयार झाला — चांगल्या मशीनचा टाका कसा पडतो, एकेक सुटा. बिघडलेलीचा नुसता गुरगुराट. इथेही तेच. तळ फुगला की टाके दिसत नाहीत, सगळा कापसाचा गोळा. मग येतं पोट. गिटारी आणि गाणाऱ्याचा घसा पोटात राहतात. पोट खपाटीला गेलं की तो बिचारा शेजारच्या खोलीत कोंडल्यासारखा ओरडतो. आणि माथा म्हणजे त्या वर टांगलेल्या पितळी झांजा. माथा चढला की कानात सुया. तळ घट्ट, पोट भरलेलं, माथा शांत. झाली शाळा. हे कुठल्या पुस्तकात नाही, आणि पुस्तक असतं तरी वाचत बसायला मला वेळ — ते जाऊ दे.

हे दोन बघा. एक काळा, एक राखाडी. दोघांची किंमत सारखीच. काळा म्हणजे हिरा. माथा लोण्यासारखा, कुठे टोचत म्हणून नाही. हल्ली मी येईल त्याला काळाच देतो. आता परत आले काही, खोटं कशाला बोलू — पाच. नाही, सहा. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत कोपऱ्यावरच्या, त्यांनी आणून टेबलावर आपटला. म्हणे, दिवसभर दातात जे यंत्र घालते तेच तुम्ही मला संध्याकाळी कानात घातलंत. मी लावून बघितला. कुठे काय? लोणी. एक गणिताचे मास्तर, ते म्हणाले डोकं उठतं. मी म्हटलं, मास्तर, ते वर्गामुळे. लोकांचे कानच नाजूक झालेत हो आताशा, कापूस घालून वाढवलेले. आणि हा राखाडी बघा — मेलेला. माथाच नाही याला. अख्खं खोकं परत पाठवणार आहे मी. वस्तूच तशा येतात. आमच्या घरी किटली घ्या. शिट्टीवाली म्हणून तीन आणल्या, एकीलाही शिट्टी नाही. बायको अंगणातून धावत येते, पाणी आटलेलं, आणि मी समोर पेपर वाचतोय. म्हणते, अहो, ती केव्हाची किंचाळतेय. मी म्हणतो, किटल्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. ती नुसती बघते माझ्याकडे. बायकांच्या बघण्याला कोण काय करणार.

घ्या, काळा लावा. गाणं माझं लावतो, रोज सकाळी मी याच्यावरच माल तपासतो. माझ्या मुलीच्या बँडचं आहे. तो ढोलांचा पसारा मांडून मध्ये बसते ना, ती आमची. पाच वर्षांची असल्यापासून माझ्या दुकानातल्या मशीनवर बसायची, कापड नाही, दोरा नाही, नुसती दोन्ही पायांनी पायडल हाणायची. मी ओरडायचो. आता लोक तिकीट काढून तेच ऐकतात. थांबा, हे जुनं नको, हे नवं लावतो. हे जरा — यावरून आमचं वाजलंय. चार महिन्यांपूर्वी आली, चौघांना घेऊन, मुद्दाम इथे. म्हणाली, बाबा, पहिला तुमचा कान. तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसली होती. मी ऐकलं आणि — व्यापाऱ्याची जीभ आहे, समोर गिऱ्हाईक नसलं की ताब्यात राहत नाही — मी म्हटलं, "झांजांना हात लावायला घाबरतेस काय? नुसत्या टांगून ठेवल्यास." ती म्हणाली, बाबा, अख्खं गाणंच झांजांवर आहे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. ती चौघं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, चोरी पकडली. तिने वायर गुंडाळली, मी शिकवलेल्या पद्धतीने, आठाच्या आकड्यासारखी, आणि गेली. तेव्हापासून फोन आईला येतो, मला नाही.

आज संध्याकाळी कार्यक्रम आहे त्यांचा. पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात. तिकिटं आली दोन. माझ्या तिकिटाला चिठ्ठी चिकटवलेली — इथेच आहे, ड्रॉवरात — हे बघा. "झांजा ऐकू आल्या तरच या." बापाला. आता मी जाऊन काय सांगू, आल्या? गिऱ्हाईकाशी थोडं इकडचं तिकडे केलं तर तो धंदा आहे, पोरीशी केलं तर ते पाप. बायको एकटी जाणार आहे. साडी काढून ठेवलीये तिने सकाळीच, आणि माझा सदराही — मी येतो म्हटलेलं नाही, तरी काढून ठेवलाय.

काय झालं? का काढला? टोचतं? तुम्हीही त्या डॉक्टरीणबाईंचेच भाऊ दिसता. कुठे टोचतं? वर, माथ्याला. कसला आवाज? — नाही साहेब, या गाण्यात झांज नाही. तेच तर सांगतोय मघापासून. — सुरुवातीपासून? सगळीकडे?

द्या इकडे. ... ढोल. गिटार. घसा. ढोल. कुठे आहे?

असं करा. तुम्ही लावा परत. थोडा वेळ सोसा, माझ्यासाठी. आणि झांज वाजेल तेव्हा या टेबलाच्या काचेवर बोट आपटा. मनाने नको, वाजली तरच.

...

दमाने. इतक्या? अहो, बोट थांबेना तुमचं. चेष्टा नाही ना करत? नाही, तुम्ही तसे वाटत नाही. आता राखाडी लावा. मेलेला आहे तो, त्यात काही — त्यातही? तेवढ्याच. पण टोचत नाही म्हणता. छान आहे म्हणता. थांबू नका, वाजवत राहा. इथे बघा, एक मोठी, मग तीन बारीक, मग परत मोठी. लहानपणी जेवताना ताटावर चमच्याने असंच करायची ती. अगदी असंच. मी चमचा काढून घ्यायचो.

पुरे. काढा.

राखाडीच घ्या तुम्ही. चांगला आहे, मी मघाशी मेलेला म्हटलं ते — ते त्याच्याबद्दल नव्हतं. पैसे पुढच्या खेपेला. पाटीचं नंतर बघू. पाटी काही चुकीची नाही, कान कुणाचा ते तेवढं लिहायचं राहिलं. आणि तुमच्या वाटेवर दातांचा दवाखाना लागतो का? लागतो ना. आत डोकावून एवढंच सांगा, हेडफोनवाल्याने म्हटलंय, बाई, तुमचं बरोबर होतं. सहातल्या एकीपासून तर सुरुवात करतो. उरलेली पाच — आणि एक किटलीवाली.

नाही, मला बरं आहे. सदरा काढलेलाच आहे, उशीर होणार नाही. चिठ्ठीचं काय करू म्हणता? ऐकू आल्या तरच या, असं आहे त्यात. ऐकू नाही आल्या. पण तुमच्या बोटावर दिसल्या, ते तर खरं ना? तेवढं तिला सांगायला हरकत नाही. तिच्या तोंडावर सांगेन, त्या चौघांसमोरच सांगेन.

बरं, या आता. दुकान लवकर बंद करतोय. दार ओढून घ्या — आणि घंटी वाजली की काचेतून नुसती मान हलवा.