पूर्ण दिवसाचा हॉल

दिग्दर्शिका : ताई, जरा डावीकडे. अजून थोडं. आणि दादा, तुम्ही ताईंच्या जवळ या ना! मध्ये एवढं अंतर काय ठेवलंय? तुम्ही नवरा-नवरी आहात, बसच्या रांगेत नाही उभे.

मलम : आम्ही कुठले नवरा-नवरी? लाइट लावेपर्यंत नट-नटीच्या जागी उभे आहोत.

दिग्दर्शिका : तेच ते. माझ्या कॅमेऱ्याला फरक कळत नाही.

घड्याळबाई : तुमची नटी मेकअपच्या खोलीत आहे आणि नट अजून गाडीत. उशीर होतोय. खऱ्या लग्नात मी नवऱ्याला असं लोळू दिलं नसतं.

मलम : अजिबात नाही. एकदा एका नवऱ्याला हिनं अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठवून आणलं होतं.

घड्याळबाई : अर्धी नाही. एक गाल राहिला होता. फोटोवाल्याला दुसऱ्या बाजूला उभं केलं, कुणाला पत्ता लागला नाही. आक्छी! अहो, ती फुलं अजून बाहेर नेली नाहीत का?

दिग्दर्शिका : नेली, नेली. दाराशीच आहेत. वास येतोय वाटतं. तुम्हाला घड्याळबाई का म्हणतात ते आता कळलं. पण दादांना मलम का?

घड्याळबाई : लग्न म्हटलं की कुणाचं ना कुणाचं बिनसतंच. मावशींना मागची खुर्ची मिळते, काकांना कुणी पाणी विचारत नाही. तिथं ह्याला नेऊन लावायचं. हा हात हातात घेऊन म्हणतो, "तुमचंच बरोबर आहे." माणूस थंड.

मलम : अर्ध्या जगाला तेवढंच ऐकायचं असतं.

दिग्दर्शिका : आमच्या सिनेमातले दोघं अगदी असेच आहेत हो. लग्नाची कामं घेणारे भागीदार. म्हणून तर सल्ल्याला तुम्हाला बोलावलं. पण शेवट काही जमत नाहीये. ती भागीदारी सोडून चाललीय. आणि तो भर लग्नात स्टेजवर चढून सगळ्यांसमोर तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे.

घड्याळबाई : कधी? जेवणाच्या आधी की नंतर?

दिग्दर्शिका : ते... लिहिलेलं नाही.

घड्याळबाई : लिहा मग. दोघंही स्टेजवर, तर जेवणाकडे कोण बघतंय? तिकडे सूप गार झालं असेल.

मलम : आणि लग्न दुसऱ्याचं ना? मग खऱ्या नवरीची आई दोघांना दंडाला धरून बाहेर काढेल. वर मलाच जाऊन तिची समजूत घालावी लागेल.

दिग्दर्शिका : हसू नका. मी खरंच अडलेय. खरा भागीदार असता तर काय केलं असतं त्यानं?

मलम : काही नाही. गप्प बसला असता.

दिग्दर्शिका : अहो, ती कायमची निघालीय!

मलम : तिचं ठरलं असेल तर जाईल. हात धरून थोडंच कुणाला ठेवता येतं?

घड्याळबाई : हे घ्या. हेच लिहा. कुणी कुणाला थांबवत बिंबवत नाही. ते सगळं सिनेमात.

दिग्दर्शिका : ताई? मी काही लागेल असं बोलले का?

घड्याळबाई : तुम्ही नाही हो. दुसऱ्या शहरात एक मोठं हॉटेल आहे. त्यांच्याकडची सगळी लग्नं मी बघावी असं त्यांचं म्हणणं आहे. आज त्यांना हो की नाही ते कळवायचंय.

मलम : हो म्हणणार आहे ती.

घड्याळबाई : तुला काय माहीत? तू विचारलंस कुठे?

मलम : आत्यांनी सांगितलं.

घड्याळबाई : आमची आत्या म्हणजे धन्य आहे! राहते माझ्या घरात आणि बातम्या पुरवते ह्याला.

दिग्दर्शिका : पण नऊ वर्षांची भागीदारी तुम्ही सोडणार? अशी एकाएकी?

घड्याळबाई : मी नाही सोडली. ह्यानं सोडली. माझ्या पाठीमागे ह्यानं वेगळं काम घेतलं. स्वतःचं एकट्याचं गिऱ्हाईक.

मलम : मी?

घड्याळबाई : नाही, मी! बाजारात आपला आचारी भेटला. म्हणाला, "बाई, त्या लग्नाला गोड काय करायचं ते मालकांनी अजून सांगितलं नाही." म्हटलं, कुठलं लग्न? तर असा चपापला की कांद्याची पिशवी तिथंच टाकून पळाला. मग फुलवालीला विचारलं. ती दोरा शोधायला लागली. ह्या हॉलचा मॅनेजर तर मला बघून टेबलाखाली शिरला. सगळ्यांना ठाऊक, भागीदाराला तेवढं नाही!

मलम : त्यांना बोलू नका म्हणून मीच सांगितलं होतं.

घड्याळबाई : म्हणजे कबूल! आणि गिऱ्हाईक तरी कसलं धरलंस रे? मॅनेजरच्या वहीत वाचलं मी, म्हणे पूर्ण दिवसाचा हॉल. पूर्ण दिवसाचा कोण घेतं? अर्ध्या दिवसात आपलं सगळं उरकून खुर्च्यासुद्धा उचलून होतात. शिवाय वासाचं एकही फूल नको. स्टेजला पायऱ्या नकोत, उतार हवा. बँड नको. पहिल्या रांगेत एक खुर्ची, पाठीला उशी लावलेली. कोण ही नवरी? महाराणी लागून गेली काय?

मलम : थोडी आहेच तशी.

घड्याळबाई : बघा! वर तिची बाजू घेतो!

दिग्दर्शिका : ताई, रागावू नका, पण एक विचारू? तुम्ही सकाळपासून फुलांच्या वासानं शिंकताय.

घड्याळबाई : मला येतातच शिंका. त्याचा इथे काय संबंध?

दिग्दर्शिका : आणि तुमच्या आत्या शूटिंग बघायला आल्यात ना, त्यांना स्टेजच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत.

घड्याळबाई : गुडघे दुखतात तिचे. आणि पाठही. उशीशिवाय तिला बसवत...

(घड्याळबाई बोलता बोलता थांबते. ती मलमकडे वळते.)

घड्याळबाई : मलम.

मलम : हं.

घड्याळबाई : ते लग्न आजच्याच तारखेचं होतं ना?

मलम : आजच्या.

घड्याळबाई : आणि हॉल?

मलम : हाच. आपण उभे आहोत तो.

घड्याळबाई : जो मी तुझ्या त्या गिऱ्हाइकाच्या रागात मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून सोडायला लावला, आणि ह्या सिनेमावाल्यांना देऊन टाकला.

मलम : तो.

दिग्दर्शिका : अगं बाई! म्हणजे मी तुमच्या लग्नाच्या जागेवर शूटिंग करतेय?

घड्याळबाई : तुम्ही जरा थांबा हो! तारीख सोडली ते तुला कळलं होतं ना? मग आलास का नाहीस माझ्याकडे भांडायला?

मलम : मॅनेजर म्हणाला, बाई स्वतः आल्या होत्या, भयंकर रागात होत्या, तारीख सोडा म्हणाल्या. मला वाटलं, तुला सगळं कळलं आणि तू उत्तर दिलंस. ह्याहून स्वच्छ नकार कसा द्यायचा माणसानं? मग म्हटलं, आता कशाला तोंड उघडायचं? होतं ते काम तरी राहू दे.

घड्याळबाई : अरे गाढवा! नकार द्यायला आधी कुणी विचारावं लागतं!

मलम : विचारणारच होतो. आधी सगळं पक्कं करून मग. तूच म्हणतेस ना, हॉल हातात आल्याशिवाय कुणाला शब्द द्यायचा नाही.

घड्याळबाई : ते गिऱ्हाइकांसाठी! हॉल ठरवलास, फुलं ठरवलीस, आत्याची उशी ठरवलीस. नवरी तेवढी ठरवायची राहिली! मला विचारायच्या आधी आचाऱ्याला विचारलंस?

मलम : आचाऱ्याची भीती वाटत नाही मला.

घड्याळबाई : काय म्हणाला तो?

मलम : म्हणाला, मालक, फार उशीर केलात.

घड्याळबाई : शहाणा आहे. तुझ्यापेक्षा तरी.

दिग्दर्शिका : दादा, मला एक कळलं नाही. पूर्ण दिवसाचा हॉल कशाला?

मलम : तुम्ही हिला काम करताना बघितलं नाही. हॉलच्या दाराशी उभी राहून ही सगळ्यांना हाकत असते, "चला, वेळ झाली, वेळ झाली." लोक पोटभर जेवतात, हसतात, फोटो काढतात. ही उभ्या उभ्या दोन घास खाते, तेही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. म्हटलं, एक दिवस असा असावा की हिला उठवायला कुणी येणार नाही. सकाळीही नाही आणि संध्याकाळीही नाही. म्हणून अख्खा दिवस घेतला.

घड्याळबाई : हे सगळं तू मनात ठेवून माझ्याबरोबर खुर्च्या मोजत होतास?

मलम : नऊ वर्षं. दर लग्नाच्या आदल्या दिवशी आपण असेच स्टेजवर उभे राहतो. लाइट बघायचा, माइक बघायचा. मग तू म्हणतेस, "ठीक आहे, उतर." मी उतरतो. दर वेळी वाटतं, अजून थोडा वेळ उभं राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

घड्याळबाई : आणि मला काय वाटत होतं, ते कोण सांगणार? त्या आचाऱ्याची पिशवी घेऊन घरी आले आणि कांदे चिरत रडले. आत्याला वाटलं कांद्यानं. मला वाटलं, नऊ वर्षं ज्याच्या भरवशावर मी सगळ्या जगावर ओरडत आले, तोच माझ्यापासून काही लपवतो. त्या हॉटेलचा फोन आला ना, तेव्हा मला तिथं जायचं नव्हतं रे. इथे थांबवत नव्हतं, एवढंच.

मलम : मी तुझ्यापासून लपवलं, हे खरंच चुकलं.

घड्याळबाई : येईल त्या काकांना "तुमचंच बरोबर" म्हणत फिरतोस. मला मात्र नऊ वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस.

मलम : कारण तुझ्याशी मी खरं बोलतो. तू नेहमी बरोबर नसतेस.

घड्याळबाई : आणि आत्ता?

मलम : आत्ता तर साफ चुकतेयस. हॉटेलला हो म्हणू नकोस. जाऊ नकोस. मला तू हवी आहेस. कामात हवी आहेस, घरात हवी आहेस, भांडायला हवी आहेस. झालं. बोललो एकदाचा.

दिग्दर्शिका : हेच! दादा, हेच वाक्य मला दोन महिने सुचत नव्हतं! अरे लाइटवाल्यांनो, टाळ्या काय वाजवताय? खाली पडाल शिडीवरून!

घड्याळबाई : माझा फोन द्या बरं कुणीतरी.

मलम : कुणाला करतेयस?

घड्याळबाई : गप्प बस. हॅलो? नमस्कार, मीच बोलतेय. हो, आज कळवते म्हणाले होते. नाही जमणार यायला. नाही हो, पगाराचं काही नाही, तुम्ही चांगलाच देत होतात. इथे एक लग्न अंगावर आलंय अचानक. हो, गिऱ्हाईक अवघड आहे. बोलतच नाही काही, सगळं मनात ठेवतं. पण माझ्या ओळखीतलं आहे, सांभाळेन मी. ठेवते.

मलम : अंगावर आलंय?

घड्याळबाई : मग काय पायावर आलंय? एवढी ठरलेली तारीख मी माझ्या हातानं घालवली. आता पुढची मी ठरवणार. हॉल हाच. उतार, उशी, बिनवासाची फुलं, सगळं तू सांगितलं होतंस तसंच. आचाऱ्याला गोड काय ते मी सांगेन, बिचारा केव्हाचा ताटकळलाय. त्याचे कांदेही परत करायचेत.

मलम : आणि हॉल? अर्ध्या दिवसाचा घेऊ या म्हणतेस?

घड्याळबाई : पूर्ण दिवसाचा! संध्याकाळी कुणी रिकामा करायला आलं, तर तू जाऊन त्याचा हात हातात घे आणि त्याला सांग की त्याचंच बरोबर आहे. मी बसून जेवणार आहे.

मलम : म्हणजे हो?

घड्याळबाई : आता मलाही आचाऱ्यालाच सांगून पाठवायला हवं काय? हो! हो म्हणतेय मी!

दिग्दर्शिका : ताई, तिकडे बघा. तुमच्या आत्या रडतायत की हसतायत?

मलम : दोन्ही.

घड्याळबाई : थांब. आत्याला हे माहीत होतं?

मलम : पहिल्या दिवसापासून. उशीचा रंग त्यांनीच निवडला.

घड्याळबाई : आणि मी रडत होते तेव्हा ही बाई मला म्हणाली, कांदे पाण्यात बुडवून चीर!

मलम : मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं गं. तू नको म्हणालीस असं वाटल्यावर तर, आता विषयच काढू नका म्हटलं त्यांना.

दिग्दर्शिका : मी हे सगळं सिनेमात घेतलं तर चालेल?

मलम : घ्या खुशाल. पण लोकांना पटायचं नाही. नवरीला न विचारता लग्न ठरवणारा नवरा असतो का कुठे?

घड्याळबाई : आणि स्वतःचंच लग्न मोडून हॉल सिनेमाला देणारी नवरी? लिहा हो तुम्ही. आम्हाला तरी पटलंय.

दिग्दर्शिका : बरं, लाइट लागला. आमचे नट-नटीही आले एकदाचे. ताई, दादा, उतरा आता. उशीर होतोय.

मलम : चल, उतरू या.

घड्याळबाई : थांब रे. होऊ दे थोडा उशीर.