मूळ गावाला लावलेला ट्रंक कॉल

पहिल्यांदा खटकलं ते हे, की माझं लग्न ठरलेल्या मुलाच्या मोठ्या काकांनी चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"तुमचे पणजोबा कोणत्या गावाहून इकडे आले म्हणता?"

बाबांनी मोर्शीकडच्या एका खेड्याचं नाव सांगितलं.

"आमचेही तिथलेच! इकडे आल्यावर आडनावं बदलली असतील. एकाच कुळाचे निघालो, तर भावाबहिणीचं लग्न लावून राहिलो ना आपण!"

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चार दिवसांवर आलेलं. बाबा मात्र "पाहू" एवढंच म्हणाले! स्पेनहून अमेरिकेला गेलेल्या जहाजांची नावं मी बी.ए.ला पाठ केली, आणि स्वतःचा पणजोबा कोणाचा कोण, हे घरात एकालाही माहीत नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही जाऊन विचारून या ना."

"संत्र्याची तोड चालू आहे, दिसून नाही राहिली का तुले?"

दुसऱ्या दिवशी चिडून मीच सौंसरच्या पोस्टात गेले आणि त्या गावच्या पाटलांच्या घरी ट्रंक कॉल लावला. तीन तास बसले. घंटी वाजली की मी दचकून उठायची, आणि पोस्टमास्तर म्हणायचे, "बाई, तुमचा नाही. बसा."

शेवटी एकदाचा लागला. मी ओरडलेच, "हॅलो, पाटीलकाका आहेत का? आमचं कूळ विचारायचं होतं!"

"ओरडू नको, माय," पलीकडून बाबा म्हणाले. "सकाळच्या बसनं आलो मी. कुळं वेगळी आहेत. त्या काकांना निरोप धाड, उरलेला चहा प्यायला या म्हणा."