पाऊण सेकंद

(रुग्णालयातली खाट. दुपारची भेटीची वेळ. दादाच्या उजव्या हाताला मनगटाच्या वरपर्यंत बँडेज. धाकटी बहीण शेजारी स्टुलावर.)

दादा – ...आणि साहेबांनी मशीनच्या नोंदीचा कागदच पुढे ठेवला. पत्रा दाबायची प्रेस खाली आली आणि पाऊण सेकंदानं मी थांबवायचं बटण दाबलं. छापील होतं. कागदाशी काय भांडणार? केली सही.

धाकटी – तुला स्वतःला काय आठवतं?

दादा – आधी दाबल्याचं. पण मला कोण विचारतंय? बावीस वर्षांत साधा ओरखडा नाही, आणि आता तीन बोटं. हात मंदावला माझा.

धाकटी – नाही मंदावला. तू वेळेवर दाबलंस.

दादा – उगाच समजूत काढू नकोस.

धाकटी – समजूत नाही, दादा. त्या प्रेसचा प्रोग्राम मी लिहिलाय. जुन्या प्रेसला बटणाची तार थेट जायची. नवीला सगळे निरोप कॉम्प्युटरमधून जातात, एका वेळी एक. ज्याला घाई जास्त, तो आधी.

दादा – म्हणजे इथल्यासारखं. अत्यवस्थ माणूस आधी आत.

धाकटी – हो. पण डॉक्टरांसमोर आधीच कुणी बसलेलं असेल, तर त्याचं उरकेपर्यंत तोही बाहेरच. म्हणून कामाच्या पाळीत किती माल निघाला, ती नोंद लिहायचं लांबलचक काम मी बारीक तुकड्यांत तोडलं होतं. दोन तुकड्यांच्या मधे तुझं बटण घुसायचं. मग साहेब म्हणाले, नोंदी फार रखडतात. मी तुकडे जोडून टाकले. दहा मिनिटांत. चाचणीत नोंद आणि बटण कधी एकदम आलंच नाही.

दादा – त्या दिवशी आलं.

धाकटी – आलं. नोंद लिहून होईपर्यंत तुझं बटण ताटकळलं.

दादा – मग कागदावर ती वेळ कुठून आली?

धाकटी – दाबल्याची वेळ मी लिहीतच नव्हते. कॉम्प्युटरनं निरोप कधी वाचला, ती लिहायचे. दाबल्याचा पुरावा कुठेच नाही. मला माहीत आहे, बस.

दादा – आणि तू पडलीस माझी बहीण.

धाकटी – सकाळीच साहेबांना सांगून आले. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, भावासाठी जीव तुटणारच.

दादा – आईला सांगितलंस?

धाकटी – आता जाऊन सांगते.

दादा – नको. पोराच्या हातून चूक झाली, एवढं मानून काल कुठे ती दोन घास जेवली. लेकीच्या हातून झालं म्हटल्यावर तिनं कुणाकडे बघायचं?

धाकटी – दादा, मला शिव्या तरी दे.

दादा – द्यायच्यात गं. अजून तोंडात येत नाहीत.

धाकटी – आणि लोक तुला काय म्हणतील?

दादा – म्हणायला लागलेत. वय झालं म्हणतात. तू डोळे पूस आधी, चारला आई यायचीय.